ऑनलाइन पोकरसाठी डेस्कटॉप घ्यायचा हाये, ४०-४५ हजारात काय घेऊ?

कपाशीवाला_दर्यापूर
राम राम मंडळी. दर्यापूरकडच्या खेड्यातला हाये मी. पोकर म्हंजे टेक्सास होल्डेम (हातात दोन पत्ते, टेबलावर पाच) मोबाईलवर खेळतो पन डोळे लय दुखते अन् बोटानं रेज म्हंजे बोली वाढवायला जातो तं भलताच आकडा जाते, म्हून आता डेस्कटॉप घ्याव म्हन्तो. तालुक्याच्या दुकानदारानं ७८ हजाराचं कोटेशन देल्लं, १६ जीबी रॅम, ८ जीबीचं ग्राफिक कार्ड, काचेचा कॅबिनेट अन् त्याच्यात लाल-निळे लाईट. म्हने गेम म्हटलं का ग्राफिक कार्ड लागतेच. माह्यं बजेट ४०, लय झालं तं ४५, तेही मॉनिटर धरून. दोन-तीन टेबल एकाच वेळी उघडायचे हायेत. पोरगी बारावीले हाये, तिचे लेक्चर पन त्याच्यावरच पाह्यनार. इकडे लाईटचा भरोसा नाई, व्होल्टेज संध्याकाळी असं पडते का पंखा फिरून राह्यला का थांबला तेच समजत नाई. काय घेऊ सांगा बरं.

बर्डीवाला_टेक्निशियन
भाऊ पहिले ते कोटेशन घडी करून खिशात ठेवा. पोकरले ग्राफिक कार्ड म्हंजे बंडीले ट्रॅक्टरचं इंजिन. टेबलावर काय हलते हो, पाच पत्ते अन् चिप्सचा ढीग, एवढं तं प्रोसेसरच्या आतलं ग्राफिक आरामात दाखवते, तेही दोन मॉनिटरवर.

नवीन घ्यायचं असन तं इंटेलचा आय३ १२१०० पुरून उरते, २०२२ चा प्रोसेसर हाये, चार कोअर (आतले चार कामगार) अन् आठ थ्रेड (एकाच वेळी आठ कामं). पन नावाच्या शेवटी एफ अक्षर हाये का ते डब्यावर स्वतः पाहा. १२१००एफ थोडा स्वस्त मिळते अन् दुकानदार तोच पुढं करते, त्या एफवाल्यात आतलं ग्राफिक बंद असते, मंग स्क्रीन लावाले वरून कार्ड घ्याच लागते. म्हंजे हजार-दोन हजार वाचवले अन् कार्डात घातले. मदरबोर्ड एच६१० चिपसेटचा चालते, मांगं एचडीएमआय अन् दुसरं एखादं पोर्ट हाये का तेवढं पाहा, पुढं दुसरा मॉनिटर लावता येईन.

रॅम ८ जीबीत टेबल चालते, पन तुम्ही कोनत्या ॲपवर खेळता? लय फोकटचे पोकर ॲप फक्त मोबाईलचेच हायेत, कॉम्प्युटरवर ते इम्युलेटर (कॉम्प्युटरात मोबाईल उभा करनारं सॉफ्टवेअर) टाकूनच चालते, अन् इम्युलेटर रॅम खाते. तसं असन तं १६ घ्या. अन् इम्युलेटर हळू चालला तं मशीनले शिव्या देऊ नका, बायोसमधी (कॉम्प्युटर चालू होताना उघडते ते सेटिंग) जाऊन व्हर्च्युअलायझेशन (इम्युलेटरले जोर देनारी सोय) चालू करा, बऱ्याच बोर्डावर ते बंदच येते. रॅमचे भाव २०२५ च्या शेवटापासून वर गेले हायेत म्हून आता एकच ८ ची काडी घेऊन दुसरा स्लॉट रिकामा ठेवला तरी चालते. हार्डडिस्क नको, ५०० जीबीची एनव्हीएमई एसएसडी (बोर्डावरच बसनारी वेगवान डिस्क) घ्या.

सेकंडहँड पन वाईट नाई. कंपन्याईच्या ऑफिसातून निघालेले छोटे डेल ऑप्टिप्लेक्स, एचपी एलिटडेस्क नागपूरले मिळते. फक्त आठव्या जनरेशनच्या (इंटेल प्रोसेसरच्या पिढीच्या) खालचं उचलू नका. विंडोज ११ सहाव्या-सातव्यावर अधिकृत चढत नाई अन् विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ लेच संपला. आय५ ८५०० वाला डबा भेटला तं सहा कोअर हायेत, पोरीच्या लेक्चरले अन् तुमच्या पत्त्यांले दोन्हीले पुरते.

सहज_विचारतो
बाकी सगळं राहू द्या, पैसे लावून खेळणार आहात का? कारण तसं असेल तर कॉम्प्युटर घ्यायच्या आधी हे वाचा. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राचा ऑनलाइन गेमिंगचा कायदा आला, २१ तारखेला संसदेत पास झाला, २२ ला राष्ट्रपतींची सही झाली. त्यात पैसे लावून खेळायचा कुठलाही ऑनलाइन गेम बंद, मग तो कौशल्याचा असो की नशिबाचा. त्याआधी पोकर-रमीवाले ‘आमचा खेळ कौशल्याचा आहे’ म्हणून सुटायचे, ती पळवाटच बुजवली. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षं आणि पन्नास लाखांपर्यंत. बँकांनाही अशा ॲपचे पैसे पुढे पाठवायला मनाई आहे. मोठ्या ॲपनी तेव्हाच कॅश टेबल गुंडाळले. खेळणाऱ्याला त्या कायद्यात शिक्षा नाही हे खरं, पण पैसे अडकले तर दाद कुठे मागणार?

आता टेलिग्रामवर एजंट फिरतात, ‘क्लबमध्ये या, चिप्स माझ्याकडून घ्या, हिशोब रविवारी’. आमच्या वणीकडे एक-दोन पोट्टे त्यात चांगलेच बुडाले. जिंकलं की एजंटचा फोन लागत नाही.

कपाशीवाला_दर्यापूर
नाई भाऊ, पैशाचं नाई. साळा मांगं लागला होता का महिन्याचे वीस हजार निघते म्हून, त्याले म्हटलं पहिले तू काढून दाखव. मी फोकटच्या चिप्सवरच खेळतो, डोक्याले खुराक भेटते बस. पोळ्याले पारावर पत्ते कुटनाऱ्याईपेक्षा तं बरं. अन् शिकाचं हाये नीट, कधी कॉल कराव (समोरच्याएवढे चिप्स टाकाव) कधी फेकाव, म्हून मोठा स्क्रीन पाह्यजे. ॲप मोबाईलचाच हाये, म्हंजे इम्युलेटर लागन म्हना की.

इस्पिकचा_एक्का
मी मूळचा यवतमाळचा, आता पुण्यात. शिकायचं म्हणताय तर थोडं माझं ऐका, कारण खेळायला लागणारा कॉम्प्युटर आणि अभ्यासाला लागणारा कॉम्प्युटर ह्यात फरक आहे.

खेळायला बर्डीवाल्यांनी सांगितलं तेवढं पुरे. अभ्यासात दोन प्रकारची सॉफ्टवेअर येतात. एक ट्रॅकर, म्हणजे पोकरट्रॅकर ४ वगैरे, हे प्रत्येक हात (म्हणजे डाव) डेटाबेसमध्ये टाकतात, मागे पोस्टग्रेस नावाचा डेटाबेस प्रोग्राम चालू असतो, हात साठत गेले की जुन्या हार्डडिस्कवर रिपोर्ट उघडायला चहा होतो, एसएसडीवर लगेच. पण मोबाईलचे फुकट ॲप हँड हिस्टरीची (खेळलेल्या हातांच्या नोंदीची) फाईल बहुतेक देतच नाहीत, मग ट्रॅकरचा उपयोग शून्य, विकत घेऊ नका. दुसरा प्रकार सॉल्व्हर, म्हणजे कोणती चाल बरोबर ते मोजून सांगणारं सॉफ्टवेअर. त्याला रॅम आणि कोअर दोन्ही हवेत. फ्लॉपपासून (टेबलावरचे पहिले तीन पत्ते) सगळ्या बेट साईझ देऊन शक्य चालींचं झाड बांधलं तर ३२ जीबीसुद्धा कमी पडते, टर्न-रिव्हरपासून (चौथा-पाचवा पत्ता) सोडवलं तर १६ मध्ये निवांत होतं. ब्राउझरमध्ये चालणारे फुकट सॉल्व्हरही आहेत.

खरं सांगू का, सुरुवातीला ह्यातलं काहीच लागत नाही. दोन बदाम हातात, दोन फ्लॉपवर, म्हणजे फ्लशला (पाच बदाम व्हायला) नऊ पत्ते बाकी. शक्यता काढायला, दोन पत्ते यायचे असले तर नवाला चारने गुणा, ३६ येतं, खरं उत्तर ३५ टक्के. एकच पत्ता उरला तर दोनने गुणा, १८, खरं १९-२०. समोरच्याने १०० च्या पॉटमध्ये (मधल्या ढिगात) ५० टाकले तर तुम्हाला २०० मधले ५० भरायचे, म्हणजे २५ टक्के जिंकलात तरी बरोबरी. टर्नवर १९ टक्क्यांचा फ्लश घेऊन हा कॉल केला तर तोटाच, पुढे आणखी चिप्स मिळायची खात्री असेल तर गोष्ट वेगळी. हे वहीवर करा. शंभर हात वहीवर सोडवलेला माणूस सॉल्व्हरवाल्याला पुरून उरतो असं माझं मत.

मॉनिटरवर मात्र पैसे वाचवू नका. २४ इंची, १०८०पी (१९२०×१०८०), आयपीएस पॅनल (बाजूने पाहिलं तरी रंग टिकतात). चार टेबल मांडले तर प्रत्येकाला ९६०×५४० जागा मिळते, पत्ते नीट वाचता येतात. स्वस्त टीएन पॅनल बाजूने पाहिलं की रंग फिके होतात. आणि सेटिंगमध्ये चार रंगाची गड्डी असेल तर ती लावाच, बदाम लाल, चौकट निळी, किलवर हिरवा, इस्पिक काळा. बदाम-चौकटचा घोळ थांबतो.

शेगाव_वायरमन
तुमी सगळे प्रोसेसरवर भांडता, अन् भाऊनं व्होल्टेजची गोठ काढली ते कोनीच बोलून नाई राह्यलं. खेड्यात कॉम्प्युटर प्रोसेसरनं नाई मरत, लाईननं मरते.

पहिले अर्थिंग पाहा. कॅबिनेटच्या लोखंडाले बोट लावलं अन् झिणझिण्या आल्या तं समजा अर्थिंग नाई. मल्टिमीटरनं सॉकेटवर फेज ते अर्थ मोजा, फेज-न्यूट्रल एवढाच आकडा आला पाह्यजे, अन् न्यूट्रल ते अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. नसन तं घरामांगं खड्डा, कोळसा, मीठ अन् पाइप, अन् मे महिन्यात त्याच्यात पानी टाकत जा, आपली काळी माती वाळली का भेगा पडते अन् अर्थिंग सुटते.

मंग यूपीएस. ६०० व्हीएचा लाइन इंटरॅक्टिव्ह (कमी-जास्त व्होल्टेज स्वतः सावरनारा) घ्या, विना कार्डाचा कॉम्प्युटर मॉनिटरसकट शंभर वॅटच्या आतबाहेर ओढते, पंधरा-वीस मिनिट भेटते. जास्त पाह्यजे असन तं घरचा इन्व्हर्टर, पन साईन वेव्हच (लाईनसारखाच सफा करंट देनारा), अन् मांगचं बटन यूपीएस मोडवर करा. इकोवर ठेवलं तं लाईट गेली का पंखा चालूच राह्यते पन कॉम्प्युटर रिस्टार्ट मारते, कारन लाईटवरून बॅटरीवर बदली हळू होते. राऊटरले १२ व्होल्टचा छोटा यूपीएस भेटते, तो लावाच, नाई तं कॉम्प्युटर चालू अन् नेट बंद, हात आपोआप फोल्ड, म्हंजे पत्ते टाकून देल्ले.

जूनमधी वीज कडकडली का प्लग काढून ठेवा, अन् नेटचा वायर बी. लय मदरबोर्ड त्या नेटच्या वायरमधूनच गेलेले पाह्यले मी.

अन् कूलरसमोर टेबल मांडू नका! मे महिन्यात ४५-४६ डिग्रीत कूलर लागतेच, पन त्याची ओली हवा थेट कॅबिनेटवर आली का कनेक्टरवर पांढरा थर चढते, बोअरच्या पान्याचा क्षार. काचेचा कॅबिनेट तं घेऊच नका, समोरून जाळी असनारा घ्या अन् कापूस वेचनीच्या टायमाले जाळी काढून ब्रशनं झाडा, पऱ्हाटीची धूळ अन् रुईचे तंतू पंख्यात गुंडाळते.

कपाशीवाला_दर्यापूर
आता समजलं बावा. आमच्या घरी तं तीन पिनचा तिसरा खड्डा शोभेचाच हाये, वायरच नाई त्याले. मंग असं करतो, सेकंडहँड आय५ ८५०० वाला १६ जीबीत पाह्यतो, मॉनिटर नवा २४ इंची, अन् उरलेल्यात अर्थिंग अन् यूपीएस. नेट आमच्याकडं फायबर हाये पन आठवड्यातून एखादवेळी जातेच, त्याचं काय कराव? अन् सेकंडहँड घेताना दुकानात काय काय तपासाव?

बर्डीवाला_टेक्निशियन
नेटले पोकरमधी स्पीड नाई लागत, तुटलं नाई पाह्यजे. राऊटरपासून वायर ओढा, वायफायच्या भरोशावर राहू नका. फायबर गेलं का मोबाईल यूएसबीनं जोडून टेदरिंग, तेवढ्यात टाइम बँकचे (विचार कराले भेटनारे जास्तीचे) सेकंद पुरते.

दुकानात अर्धा तास चालू ठेवाले लावा, युट्यूबवर दोन-तीन व्हिडिओ एकदमच. पंखा जास्त बोंबलला तं प्रोसेसरवरची थंडाव्याची पेस्ट सुकली हाये, बदलून मांगा. एसएसडीची हेल्थ क्रिस्टलडिस्कइन्फोमधी पाहा, ९० च्या खाली असन तं नवी टाकून घ्या. टास्क मॅनेजरमधी मेमरीत जाऊन रॅम खरंच १६ दिसते का, अन् किती स्लॉट भरले ते पाहा. ह्या छोट्या डब्याईत पॉवर सप्लाय कंपनीचाच खास असते, तो जळला तं तालुक्यात भेटनार नाई, म्हून फक्त मशीनची नाई तं सप्लायची बी वॉरंटी बिलावर लिहून घ्या. अन् मांगं डिस्प्लेपोर्ट असते, एचडीएमआय लय वेळा नसते, तं तो कन्व्हर्टर तिथूनच घेऊन निघा.

सहज_विचारतो
अन् १२वीच्या परीक्षेपर्यंत इम्युलेटर पोरीच्या लॉगिनमध्ये टाकू नका, तुमचं वेगळं युजर अकाउंट करा.

कपाशीवाला_दर्यापूर
ते तं बायकोनं पह्यलेच सांगून ठेवलं, पासवर्ड बी तिच्याजवळ राह्यनार हाये 😄 शनिवारी नागपूरले चाललो, बिल घेतलं का इथं टाकतो.