मदत हवी आहे : पाच जणी, स्टँडबाय पास आणि जमैका

नमस्कार मंडळी. आम्ही पाच मैत्रिणी, बडोद्यात दांडिया बाजारात लहानाच्या मोठ्या झालेल्या. येत्या फेब्रुवारीत पाचही जणी न्यू जर्सीला असू. एकीचा भाचा तिथे विमान कंपनीत आहे. त्याच्या बडी पासवर (कर्मचाऱ्याने ओळखीच्यांना दिलेला सवलतीचा पास) नेवार्कहून जमैकाला, माँटेगो बेला, चार दिवस जायचं मनात आहे. जमैकाला आपल्या पासपोर्टवर व्हिसा लागत नाही आणि अमेरिकेचे व्हिसा मल्टिपल एंट्री आहेत, तेव्हा ती काळजी नाही.

धास्ती आहे ती स्टँडबायची, म्हणजे विमानात जागा रिकामी राहिली तरच बसायला मिळण्याची. भाच्याने परवा व्हिडिओ कॉलवर एका फ्लाइटची यादी दाखवली : मोकळ्या जागा 3, वाट बघणारे 11. त्यात कर्मचारी आधी, बडी पासवाले अगदी शेवटी. वादळांचा काळ जून ते नोव्हेंबर, म्हणून फेब्रुवारी धरला, पण तो तिकडचा ऐन सीझन निघाला!

दोनच जागा मिळाल्या तर दोघींनी पुढे जावं का? माझं मत, मुळीच नाही. आमच्यातली एक इन्शुलिनवर आहे, तिला मागे एकटं सोडणार नाही. (इन्शुलिन अर्थात हातातल्या पिशवीतच.)

जमैकात उतरल्यावर परतीचं तिकीट विचारतात, तिथे स्टँडबायचा कागद चालतो का? आणि परतताना अडकलो तर, मुंबईच्या पक्क्या तिकिटाआधी किती दिवस हाताशी ठेवावेत? असा प्रवास केलेल्यांनी कृपया सविस्तर लिहा. पुढच्या आठवड्यात भाच्याला कळवायचंय.