ओटावाच्या बर्फात हॅचबॅक कुठली घ्यावी? आमच्या फॅमिली ग्रुपवरची चर्चा

नीरज (ओटावा): मंडळी, सल्ला हवाय. मागचा हिवाळा बस आणि टॅक्सीवर काढला. आता ओवीचं पाळणाघर सुरू होतंय, आणि गौरीचं हॉस्पिटल गावाच्या दुसऱ्या टोकाला. गाडी घेणं आलंच. एसयूव्ही नको, हप्ता आणि इन्शुरन्स दोन्ही डोक्यावर बसतात. हॅचबॅक हवी, दहा वर्षं कुरकुर न करता चालेल अशी. यादीत चार आहेत: कोरोला हॅचबॅक, सिव्हिक हॅचबॅक, माझदा ३ स्पोर्ट आणि सुबारू इम्प्रेझा. बर्फात कुठली बरी?

शिरीषमामा: फोर बाय फोर घे. विषय संपला. आम्ही मनालीला गेलो होतो तेव्हा अटल टनेलच्या अलीकडेच पोलीस साध्या गाड्या परत फिरवत होते. फोर बाय फोर आणि चाकांना साखळ्या (चेन) लावलेल्यांनाच पुढे सोडत होते.

केदार: मामा, तिथे प्रश्न चढायचा असतो. नीरजला रोज सिग्नलला थांबायचंय. चारही चाकांना ताकद मिळाली तर गाडी जागेवरून उठते छान, पण ब्रेक प्रत्येक गाडीला चारही चाकांनाच असतात. थांबताना ऑल व्हील ड्राइव्हचा काडीचा उपयोग नाही.

शिरीषमामा: मग कंपन्या काय उगाच जाहिरात करतात?

केदार: जाहिरातीत गाडी कधी थांबताना दाखवतात का? 😄

मृणालताई (माँट्रियल): नीरज, आधी टायरचं बोलू, गाडीचं नंतर. आमच्या क्यूबेकमध्ये १ डिसेंबर ते १५ मार्च विंटर टायर कायद्यानेच सक्तीचे आहेत. तुमच्या ऑन्टॅरिओत सक्ती नाही, म्हणून नवीन आलेले लोक "ऑल सीझन आहेत की" म्हणून तसेच चालवतात. त्या ऑल सीझनमधला सीझन आपल्या पुण्याचा समज! बजेटमधून हजार ते दीड हजार डॉलर आत्ताच बाजूला काढ: चार विंटर टायर, आणि ते वेगळ्या स्टीलच्या रिमवर बसवलेले. म्हणजे दर नोव्हेंबरला आणि एप्रिलला नुसती चाकं बदलायची, टायर रिमवरून उतरवत बसायचे नाहीत. पैसे वाया जात नाहीत, कारण तेवढे महिने उन्हाळ्याचे टायर झिजत नाहीत. आणि इन्शुरन्सवाल्याला आठवणीने सांग. ऑन्टॅरिओत २०१६ पासून विंटर टायरला सूट देणं कंपन्यांना बंधनकारक आहे. आपण मागितली नाही तर ते आपणहून देतीलच असं नाही.

सुमाआत्या: टायर टायरमध्ये एवढा काय फरक गं? काळे आणि गोल.

केदार: आत्या, रबराचा फरक. साधारण ७ अंशांच्या खाली साधं रबर कडक व्हायला लागतं, मग ते रस्ता धरत नाही, घसरतं. विंटर टायरचं रबर उणे वीसलाही मऊ राहतं, आणि त्यावर बारीक बारीक चिरा असतात त्या बर्फाला चावतात. गाडी कितीही महाग असो, रस्त्याला टेकलेला भाग प्रत्येक चाकाखाली तळहाताएवढाच. सगळा खेळ तेवढ्यावर.

नीरज, टायर घेताना बाजूला तीन शिखरांचा डोंगर आणि आत हिमकण असं चिन्ह आहे का बघ. ते बर्फावर प्रत्यक्ष चाचणी पास झाल्याशिवाय मिळत नाही. नुसतं "एम अँड एस" (मड अँड स्नो, म्हणजे चिखल आणि बर्फ) लिहिलेलं असेल तर त्यावर जाऊ नको, ते फक्त नक्षी कशी आहे त्यावरून देतात. आणि दोन नाही, चारही बदलायचे. पुढेच चांगले टायर लावले तर वळणावर मागचा भाग आपल्याला ओव्हरटेक करतो.

बापूकाका (सातारा): केदारचं बरोबर आहे. मी एसटीच्या वर्कशॉपमध्ये उभा जन्म काढला, बर्फ काही पाहिला नाही, पण घसरणं सगळीकडे सारखंच. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत इंजिनाचं वजन ओढणाऱ्या चाकांवरच असतं, त्यामुळे ती तशी बरी पकडते. मागच्या चाकांवर चालणारी घेऊ नकोस. आणि एक: खंबाटकी उतरताना आपण गाडी गिअरवर धरतो तशीच तिथेही उताराला खालच्या गिअरमध्ये, पाय हलका ठेवून. ब्रेकवर उभं राहायचं नाही.

केदार: काका, फक्त गिअर झटक्यात खाली पाडायचा नाही, नाहीतर पुढची चाकं तिथेच घसरतील. आणि एबीएस (ब्रेक लावताना चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) लागलं की पायाखाली ब्रेक धडधडतो, तेव्हा घाबरून पाय काढायचा नाही, दाबूनच ठेवायचा. नीरज, पहिला बर्फ पडला की रिकाम्या पार्किंगमध्ये जाऊन हे मुद्दाम करून बघ.

नीरज: सेकंडहँडचा विचार करू का? नव्याचे भाव बघून छातीत धडधडतंय.

मृणालताई: कर ना. फक्त २०१२ च्या आधीची नको. १ सप्टेंबर २०११ पासून बनलेल्या गाड्यांना कॅनडात स्टॅबिलिटी कंट्रोल सक्तीचं झालं. गाडी आडवी व्हायला लागली की ते एकेका चाकाचा ब्रेक आपणहून लावून सरळ करतं. आणि सेकंडहँड घेताना वरचा रंग बघून भुलू नकोस. लिफ्टवर चढवून खालून बघ. इथे रस्त्यांवर मीठ मारतात, ते खालच्या पत्र्याला, ब्रेकच्या पाइपांना, सायलेन्सरला खातं.

बापूकाका: अगदी आपल्या रत्नागिरी डेपोच्या गाड्या! खाऱ्या हवेने पत्रा असा पापुद्र्यासारखा निघायचा. सातारा डेपोची त्याच वयाची गाडी ठणठणीत. नीरज, चाकाच्या वरची कमान आणि दाराची खालची कड नखाने खरवडून बघ. रंगाखाली फुगवटा असेल तर आत गंज आहे.

मृणालताई: आणि दरवर्षी पावसाळ्या… म्हणजे हिवाळ्याआधी खालून तेलाचा फवारा मारून घ्यायचा. इथे त्याची दुकानंच असतात. दोन दिवस ड्राइव्हवेवर थेंब पडतात, पडू देत.

शिरीषमामा: ग्राउंड क्लिअरन्सचं, म्हणजे गाडीचं पोट जमिनीपासून किती वर त्याचं, कोणीच बोलत नाही. आत्ता बघितलं, आपल्या स्विफ्टला १६३ मिलिमीटर आणि ह्या इम्प्रेझाला १३० च्या आसपास! बर्फाच्या देशात आपल्यापेक्षा खुजी गाडी?

मृणालताई: मामा, मुद्दा बरोबर आहे. तिकडे खड्डे आणि स्पीडब्रेकर म्हणून गाड्या उंच, इथे रस्ते साफ करतात म्हणून चालून जातं. खरी अडचण रस्त्यावर नाही, दारात. म्युनिसिपालिटीचा प्लाऊ (बर्फ ढकलणारी गाडी) पहाटे रस्ता साफ करतो आणि सगळा ढीग नेमका आपल्या ड्राइव्हवेच्या तोंडाशी टाकून जातो. गुडघाभर, आणि तासाभरात दगडासारखा. त्यावर गाडी घातली की पोट टेकतं, चाकं अधांतरी, मग फोर बाय फोर असो नाहीतर अजून काही. तो फावड्यानेच काढायचा. उंच हवीच असेल तर इम्प्रेझाचीच बहीण क्रॉसट्रेक आहे, २२० मिलिमीटरची, पण पैसे वाढतात.

सुमाआत्या: नीरज, इथून एक जण पुढच्या महिन्यात टोरांटोला चाललाय. ओवीसाठी कार सीट पाठवू का? इकडे स्वस्त पडेल.

मृणालताई: आत्या, नको गं. इथे सीटवर मेपलच्या पानाचं सरकारी सुरक्षा चिन्ह लागतं, त्याशिवायची वापरणं बेकायदेशीर. अमेरिकेतलीसुद्धा चालत नाही. त्यापेक्षा लाडू पाठव.

आणि गौरी, एक महत्त्वाचं. जाड स्नोसूट घालून ओवीला सीटमध्ये बांधायचं नाही. पट्टा घट्ट वाटतो, पण तो कपड्याच्या फुगवट्यावर असतो, धडक झाली की फुगवटा दबतो आणि मूल सैल सुटतं. पातळ कपड्यात बांधायचं, वरून जॅकेट उलटं पांघरायचं.

आजी (व्हॉइस मेसेज, बापूने लिहून काढलाय): गाडी गरम व्हायच्या आधी पोरीला आत बसवू नका रे. आणि एवढ्या थंडीत गाडी सुरू तरी होते का?

नीरज: होते गं आजी. बॅटरी चांगली हवी फक्त. रिमोट स्टार्टर घेणार आहे, वरूनच बटण दाबून सुरू करायची.

बापूकाका: थंडीत बॅटरीची ताकद घटते आणि त्याच वेळी ऑइल घट्ट होऊन इंजिन फिरवायला जास्त ताकद लागते. दोन्हीकडून मार. सेकंडहँड घेतलीस तर बॅटरी पहिल्याच आठवड्यात तपासून घे. टायरची हवाही बघत जा, थंडीत आपोआप उतरते.

केदार: हो, तापमान दर ५-६ अंश उतरलं की हवेचा दाब साधारण १ पीएसआयने.

गौरी: नमस्कार सगळ्यांना. गाडी रोज मी चालवणार आहे, म्हणून जरा माझंही ऐका. काल चारही गाड्यांत बसून आलो, ओवीची मागे तोंड करून बसवायची सीट बरोबर घेऊन.

कोरोला: इंजिन, नाव, सगळं छान. पण ती सीट मागे लावली की पुढे नीरजचे गुडघे डॅशबोर्डला. डिकीत बाबागाडी आडवी जाईना. बाद.

माझदा: आतून देखणी, ऑल व्हील ड्राइव्हही मिळते. पण मागची काच एवढीशी आणि बाजूचा खांब एवढा जाड, की रिव्हर्स घेताना सगळं कॅमेऱ्याच्या भरवशावर. आणि बर्फात तो कॅमेरा पहिला चिखलाने माखतो म्हणे.

बापूकाका: माझदाचा गिअरबॉक्स मात्र नेहमीचा ऑटोमॅटिक आहे, सीव्हीटी (ठरावीक गिअर नसलेला ऑटोमॅटिक) नाही. मला तोच आवडला होता.

गौरी: काका, गिअरबॉक्स आवडला तरी मागचं दिसायला हवं ना 🙂

सिव्हिक: जागेच्या बाबतीत बाकी तिघींना मागे टाकते. डिकी तर केवढी! बाबागाडी उघडीच्या उघडी राहिली. इम्प्रेझा: डिकी सिव्हिकपेक्षा लहान, पण बाबागाडी घडी घालून बसली, काचा मोठ्या, सगळीकडचं दिसतं. आता दोघींत ठरत नाहीये.

केदार: सिव्हिक घेतलीत आणि सेकंडहँड असेल, तर साधं २ लिटर इंजिन बघा. होंडाच्या १.५ टर्बोमध्ये काही वर्षांपूर्वी थंड प्रदेशात पेट्रोल इंजिन ऑइलमध्ये उतरायची तक्रार होती, खासकरून जवळच्या जवळ फिरणाऱ्यांना, कारण इंजिन पुरतं तापतच नाही. कंपनीने नंतर वॉरंटी वाढवून दिली, पण कशाला नसता व्याप.

शिरीषमामा: म्हणजे फिरून फिरून माझ्या फोर बाय फोरवरच आलात.

केदार: मामा, विंटर टायरवाली सिव्हिक ही ऑल सीझनवाल्या इम्प्रेझापेक्षा बर्फात कधीही बरी. दोघींना विंटर टायर लावले तरच ऑल व्हीलला मार्क जास्त. प्रश्न एवढाच की नीरजला त्या जादा मार्कांची गरज आहे का. ड्राइव्हवे कसा आहे रे?

नीरज: चढ आहे. आणि उत्तरेकडे तोंड, म्हणजे ऊन लागत नाही. मागच्या वर्षी शेजाऱ्यांची गाडी मागे येऊन रस्त्यातच थांबलेली बघितलीय.

गौरी: आणि माझी ड्यूटी सकाळी सातची. तेवढ्या लवकर आमच्या गल्लीत प्लाऊ येतोच असं नाही.

केदार: मग तुमच्यासाठी इम्प्रेझा. उत्तरेकडचा चढ आणि प्लाऊच्या आधी निघणं, ह्या दोनच गोष्टींसाठी मी ऑल व्हीलला जादा पैसे देईन. सपाट गल्ली असती तर डोळे मिटून सिव्हिक म्हटलं असतं.

बापूकाका: पण खर्च समजून घ्या. पेट्रोल थोडं जास्त खाणार. आणि चारही टायर सारखेच झिजलेले लागतात. एक पंक्चर होऊन कामातून गेला म्हणून एकटा नवा घातला, तर आतल्या यंत्रणेवर सतत ताण येतो. टायर आलटून पालटून फिरवायचे, वेळच्या वेळी. इम्प्रेझाच्या सीव्हीटीचं ऑइल "आयुष्यभर बदलावं लागत नाही" असं कोणी सांगितलं तर ऐकून घे आणि बदल.

मृणालताई: आणि इम्प्रेझाच्या आरएस मॉडेलच्या १८ इंची चाकांना भुलू नका. लहान रिम, उंच टायर घ्या. विंटर टायर स्वस्त पडतात आणि बर्फ वितळल्यावर मार्चमध्ये जे खड्डे उघडे पडतात त्यात रिम वाचते. टायर सप्टेंबरमध्येच बुक करा. पहिला बर्फ पडला की गॅरेजबाहेर लग्नाच्या पंगतीएवढी गर्दी.

नीरज: ठरलं मग. इम्प्रेझा, २ लिटर. दोन वर्षं जुनी एक बघून ठेवलीय, शनिवारी मेकॅनिककडे लिफ्टवर चढवून बघणार. काका, तेव्हा व्हिडिओ कॉल करतो, खालचा पत्रा तुम्हीच बघा.

बापूकाका: कर. मोबाइलचा टॉर्च लावून दाखव, आणि कमानीच्या आतून आधी.

सुमाआत्या: रंग कोणता आहे? पांढरी घ्या, विकताना भाव येतो.

मृणालताई: आत्या, बर्फात पांढरी गाडी? समोरच्याला दिसणार कशी?

गौरी: निळी आहे. पण दिवे मी लावूनच चालवणार, रंग कुठलाही असो. दिवसा फक्त पुढचे मंद दिवे आपोआप लागतात. त्यांच्याबरोबर मागचेही लागले पाहिजेत, किंवा अंधार पडला की सगळे दिवे आपोआप लागले पाहिजेत, नाहीतर दिवे बंद आहेत हे कळायला ड्रायव्हरला डॅशबोर्ड काळोखा दिसला पाहिजे, हा नियम सप्टेंबर २०२१ नंतरच्या गाड्यांना. ही त्यानंतरचीच आहे, तरी शनिवारी मागे उभं राहून बघून घेऊ.

शिरीषमामा: आणि चेन?

मृणालताई: मामा, शहरात चेन कोणी लावत नाही. डिकीत फावडं, ब्रश आणि वाळूची एक पिशवी. बास.