शब्दचर्चा: डिटेक्टरचं 'कॅलिब्रेशन' मराठीत कसं सांगायचं? अंशांकन, अंशशोधन की पडताळणी?

खारघरची_फिजिसिस्ट:
नमस्कार मंडळी. मी नवी मुंबईत एका हॉस्पिटलच्या रेडिओथेरपी विभागात मेडिकल फिजिसिस्ट आहे. नवीन टेक्निशियन मुलांसाठी मराठीत टिपण लिहितेय, बरीचशी मुलं मराठी माध्यमातून आलेली आहेत, मशीनवर हात छान बसलाय पण आपण हे का करतो ते इंग्रजी पुस्तकातून नीट पोचत नाही. आता अडलंय ते 'कॅलिब्रेशन'वर. रेडिएशनचा डोस मोजायचं आमचं आयन चेंबर आणि त्याचं रीडिंग दाखवणारं इलेक्ट्रोमीटर ठरावीक काळाने ट्रॉम्बेला बीएआरसीत (भाभा अणुसंशोधन केंद्रात) कॅलिब्रेशनला जातं. सरकारी कागदांत 'अंशांकन' दिसतं, एका सहकाऱ्याने 'अंशशोधन' सुचवलं. कुठला शब्द घ्यावा? कॅलिब्रेशनच ठेवा असं कृपया सांगू नका, तो शब्द मुलं रोज वापरतात आणि प्रत्येकाच्या मनात त्याचा अर्थ वेगळा आहे, म्हणून तर विचारतेय.

नौपाडा_गुरुजी:
ताई, अंशांकन म्हणजे अंश अधिक अंकन, नळीवर अंशांच्या खुणा करणं. थर्मामीटरला, ब्युरेटला शोभतो. तुमच्या चेंबरवर खुणा असतात का?

अंशशोधनाची गंमत वेगळी आहे. संस्कृतात शोधन म्हणजे शुद्ध करणं, त्यामुळे हिंदीत संशोधन म्हणजे दुरुस्ती, घटनेत संशोधन म्हणतात ते. मराठीत मात्र संशोधन म्हणजे नवं शोधून काढणं, आपण भाभा अणुसंशोधन केंद्र म्हणतो ते त्याच अर्थाने. म्हणजे एकच शब्द हिंदी वाचणाऱ्याला दुरुस्तीकडे नेतो आणि मराठी वाचणाऱ्याला शोधाकडे. तुमच्या कामात नेमकं काय होतं ते सांगा, मग ठरवू.

वागळे_इस्टेट_१६:
आमच्याकडे प्रेशर गेज, व्हर्नियर सगळं कॅलिब्रेशनला जातं, स्टिकर लागतो, पुढची ड्यू डेट लिहिलेली असते. काटा हललेला असेल तर तिथेच सेट करून देतात आणि त्या सगळ्यालाच आम्ही कॅलिब्रेशन म्हणतो. दुकानदाराची वजनं वैधमापनवाले तपासून शिक्का मारतात त्याला कागदावर 'पडताळणी व मुद्रांकन' म्हणतात, आपण पासिंग म्हणतो. मग 'पडताळणी' का नको? सगळ्यांना कळतो.

खारघरची_फिजिसिस्ट:
दादा, तुमच्यामुळे मुद्दा एकदम नेमका सापडला. आमची मुलंही असंच समजतात, की चेंबर बिघडलं होतं, तिकडे सेट केलं, पास होऊन आलं. प्रत्यक्षात तिथे चेंबरला कुणी सेट करत नाही आणि पास-नापासही नसतं.

होतं असं. प्रयोगशाळेत कोबाल्ट-६० चा बीम असतो, त्याने पाण्यात ठरलेल्या खोलीवर किती डोस बसतो ते त्यांना त्यांच्या प्रमाण उपकरणावरून माहीत असतं. त्याच जागी आपलं चेंबर ठेवतात. चेंबरमध्ये जेमतेम ०.६ घन सेंटीमीटर हवा, तिच्यातून किरण गेले की विद्युतभार तयार होतो आणि इलेक्ट्रोमीटर तो नॅनोकुलोंबमध्ये दाखवतो. माहीत असलेला डोस भागिले आपलं रीडिंग, झाला फॅक्टर. म्हणजे एक नॅनोकुलोंब आला तर पाण्यात किती ग्रे (ग्रे हे डोसचं एकक). चेंबर जसं गेलं तसंच परत येतं, सोबत सर्टिफिकेटवर हा आकडा येतो. गुरुजी, दुरुस्ती काहीच नाही, फक्त नातं शोधलं, त्यामुळे तुमचा मराठी अर्थाचा 'अंशशोधन' मला पटायला लागलाय.

आणि तो आकडा मिळाला म्हणून काम संपत नाही हेही मुलांना सांगायचंय. कोबाल्टवरचा आकडा लिनॅकच्या, म्हणजे विजेवर किरण तयार करणाऱ्या आमच्या उपचाराच्या मशीनच्या, ६ एमव्ही बीमला जसाच्या तसा चालत नाही, बीमप्रमाणे आणखी एक फॅक्टर लागतो, त्याची पद्धत आयएईए ह्या आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या टीआरएस-३९८ ह्या पुस्तिकेत दिलीय, २००० साली आली आणि २०२४ मध्ये सुधारून निघाली. शिवाय चेंबर बाहेरच्या हवेला उघडं असतं. सर्टिफिकेटवरचा आकडा २० अंश सेल्सिअस आणि १०१.३२५ किलोपास्कल दाबासाठी धरलेला असतो, आपल्या खोलीत पाणी २६ अंशांवर असेल तर आतली हवा विरळ होते, रीडिंग साधारण दोन टक्के कमी येतं, ते गुणून भरून काढावं लागतं. पावसाळ्यात दाब १०० किलोपास्कलपर्यंत उतरला की वर आणखी सव्वा-दीड टक्का. महिन्याच्या तपासणीत लिनॅकचा आउटपुट, म्हणजे मशीन देतं तो डोस, ठरलेल्या आकड्याच्या दोन टक्क्यांच्या आत बसवायचा असतो, म्हणजे नुसता थर्मामीटर बघायचा राहिला तरी चुकीची सगळी मुभा तिथेच संपते. ही जी भरपाई आहे तिला मी 'दुरुस्ती' म्हणतेय, आणि ती रीडिंगची असते, चेंबरची नाही.

नौपाडा_गुरुजी:
मग ठरलंच की. शोधन हा शोध आणि दुरुस्ती ही दुरुस्ती, दोन्ही वेगळे ठेवा. आणि पडताळणी?

खारघरची_फिजिसिस्ट:
पडताळणी हवीच आहे, पण दुसऱ्या कामासाठी. चेंबर परत आल्यावर आणि मधल्या काळातही आम्ही स्ट्रॉन्शियम-९० ह्या किरणोत्सर्गी पदार्थाच्या छोट्या चेक सोर्समध्ये ते ठेवून रीडिंग घेतो. सोर्सचं अर्धायुष्य सुमारे २९ वर्षं, तेवढी घट धरून रीडिंग पूर्वीशी जुळायला हवं. नाही जुळलं तर चेंबरला प्रवासात काहीतरी झालंय. इथे उत्तर हो किंवा नाही असं येतं, म्हणून पडताळणी. आणि मशीनचा आउटपुट सरकलेला दिसला तर लिनॅकमध्ये जाऊन तो जागेवर आणतो, ते समायोजन, दादा म्हणतात ते काटा सेट करणं. इंग्रजीत कित्येकदा ह्या तिन्हींना कॅलिब्रेशन म्हटलं जातं आणि घोळ होतो.

कोपरीकर:
मध्येच विचारतो, हे सगळं इतकं जपायचं कारण? एखाद-दोन टक्क्यांनी काय होतं? माझ्या आईला लाईट दिले होते, तेव्हा आम्ही हे कधी विचारलंच नाही.

खारघरची_फिजिसिस्ट:
कोपरीकर, विचारायलाच हवं असं आहे. एका पेशंटची मांडणी चुकली तर त्या एका पेशंटपुरतं असतं, पण चेंबरचा फॅक्टर किंवा त्यावरून बसवलेला आउटपुट चुकला तर त्या मशीनवर येणाऱ्या प्रत्येकाचा डोस त्याच बाजूला सरकतो आणि कुणाच्या लक्षात येत नाही, कारण सगळे आकडे आपापसात जुळत असतात. १९८८ मध्ये इंग्लंडमधल्या एक्सेटरला नवा कोबाल्ट सोर्स बसवल्यावर आउटपुट मोजताना वेळेचा आकडा चुकला आणि दोनशेहून जास्त पेशंटना सुमारे २५ टक्के जास्त डोस गेला. म्हणूनच मोजमाप दुसऱ्या माणसाने, जमलं तर दुसऱ्या चेंबरने, स्वतंत्रपणे पुन्हा करायचं असतं. ह्या एका गोष्टीवर मी टिपणात अख्खं पान देणार आहे.

कळवा_पूल:
ताई, मथळ्यात 'किरणोत्सर्ग मापक' लिहू नका मात्र. किरणोत्सर्ग म्हणजे पदार्थातून आपोआप किरण बाहेर पडणं. कोबाल्टला चालेल, लिनॅकला नाही, तो बंद केला की किरण बंद. विश्वकोशात रेडिएशनला प्रारण आहे.

खारघरची_फिजिसिस्ट:
बरोबर, आणि त्याचा त्रास पेशंटच्या घरच्यांना होतो, किरणोत्सर्ग वाचलं की घरी लहान मूल जवळ घ्यायचं का असं विचारतात, बाहेरून दिलेल्या उपचारात अंगात काही उरत नाही तरी. प्रारण बरोबर आहे पण ह्या मुलांना नवखा वाटेल, मी 'रेडिएशन'च ठेवते. वाक्य असं करतेय, बघा:

'चेंबर व इलेक्ट्रोमीटरचे अंशशोधन म्हणजे प्रमाण बीममध्ये ठेवून त्याचे रीडिंग आणि पाण्यातला डोस यांचे नाते शोधणे. यात उपकरणात बदल केला जात नाही. परत आल्यावर चेक सोर्सने पडताळणी करावी. तापमान व दाबाची दुरुस्ती प्रत्येक मोजमापाला करावी.'

फॅक्टरला 'गुणक' करू का?

नौपाडा_गुरुजी:
वाक्य उत्तम. गुणक शब्द चांगला आहे पण इथे फॅक्टरच असू द्या, सर्टिफिकेटवर तो छापलेला असणार आणि मुलांना तिथलाच आकडा उचलायचा आहे.

वागळे_इस्टेट_१६:
आमच्या शॉपमध्येही हे तीन शब्द लावतो आता. गेज सेट केलं असेल तर स्टिकरवर समायोजन वेगळं लिहायला सांगतो, आधीचं रीडिंग किती होतं ते पण.