१९०५ नंतर अमेरिकेतलं कॉलेज फुटबॉल बंदच करायला हवं होतं

मृण्मयी_नाशिक:
अमेरिकन फुटबॉलची चर्चा १९०५ वर आली की तीच गोष्ट ऐकायला मिळते. मैदानात पोरं मेली, राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या मंडळींना व्हाइट हाउसमध्ये बोलावून समज दिली, नियम बदलले, खेळ वाचला. मला हे पटत नाही. ती बैठक ९ ऑक्टोबरची, म्हणजे मोसम नुकताच सुरू झाला होता. मंडळींनी नियम नीट पाळण्याचं निवेदन काढलं आणि घरी गेली. त्यानंतर २५ नोव्हेंबरला न्यू यॉर्क विद्यापीठाविरुद्ध खेळताना युनियन कॉलेजच्या हॅरल्ड मूरच्या डोक्याला मार बसला आणि तो गेला. मोसम संपेपर्यंत वर्तमानपत्रांनी मोजलेले मृत्यू १८-१९ झाले होते.

याला अपघात कसं म्हणायचं? तीन प्रयत्नांत ५ यार्ड पुढे जायचं, नाहीतर चेंडू समोरच्या संघाला, आणि चेंडू पुढे फेकायला मनाई. मग उरतं काय? चेंडूवाल्याला आपल्याच गड्यांनी मागून रेटायचं, पुढून ओढायचं. धरायला सोपं जावं म्हणून कपड्यांना मुठी शिवून घेत. हेल्मेटची सक्ती नव्हती. कोलंबिया विद्यापीठाने त्याच वर्षी फुटबॉल बंद केलं. हार्वर्डचे अध्यक्ष चार्ल्स एलियट कित्येक वर्षं या खेळाविरुद्ध बोलत होते. त्यांचंच बरोबर होतं असं माझं ठाम मत आहे.

शिकागोकर:
पूर्ण असहमत. त्या मोसमाकडे फक्त मृतांच्या यादीतून बघणं अन्यायाचं आहे. मिशिगन विद्यापीठाचा संघ १९०१ पासून ५६ सामने हरला नव्हता. त्या वर्षी शेवटच्या सामन्यापर्यंत त्यांचे गुण ४९५ आणि सगळ्या प्रतिस्पर्ध्यांचे मिळून शून्य! ३० नोव्हेंबरला, थँक्सगिव्हिंगच्या दिवशी, ते शिकागो विद्यापीठाशी खेळायला शिकागोत आले. एकही टचडाउन (चेंडू समोरच्याच्या गोलरेषेपार नेणं) झालं नाही. उत्तरार्धात शिकागोच्या वॉल्टर एकरसॉलने लांब किक मारली. मिशिगनच्या डेनी क्लार्कने चेंडू स्वतःच्या गोलरेषेमागे घेतला आणि तो तिथेच न थांबता पुढे धावला. शिकागोच्या गड्यांनी त्याला उचलून पुन्हा रेषेमागे नेलं. सेफ्टी, म्हणजे चेंडूवाल्याला त्याच्याच गोलरेषेमागे अडवल्याचे २ गुण, सामना २-०. मी हाइड पार्कमध्ये राहतो. ते मैदान होतं तिथे आता विद्यापीठाचं ग्रंथालय आहे, आणि तिथून जाताना हा सामना मला दर वेळी आठवतो. असा खेळ बंद करायचा?

मृण्मयी_नाशिक:
शिकागोकर, तुम्ही माझाच मुद्दा मांडलात. क्लार्क गोलरेषेतून बाहेर आला होता. आजच्या नियमाने तो जिथवर पुढे आला तिथे खेळ थांबला असता. तेव्हा जिवंत माणसाला मागे रेटत नेणं कायदेशीर होतं आणि त्याचे गुणही मिळायचे. तुमच्या लाडक्या सामन्याचा निकालच रेटारेटीने लागला.

रानवारा:
एक गोष्ट सगळ्यांकडून सुटतेय. १९०५ च्या मृतांपैकी कॉलेजचे खेळाडू मोजके, तीनच म्हणतात. बाकीची बहुतेक शाळकरी आणि गावोगावच्या हौशी संघांतली पोरं. कॉलेजांनी बंदी घातली असती तरी ती पोरं खेळतच राहिली असती, आणि नियम सुधारायला वर कोणी उरलं नसतं. स्टॅनफर्ड आणि कॅलिफोर्निया १९०६ मध्ये रग्बीकडे वळले, काही वर्षांनी दोघंही परत फुटबॉलवर आले.

उलट झालं ते बघा. मूरच्या मृत्यूनंतर न्यू यॉर्क विद्यापीठाचे कुलपती मॅक्रॅकन यांनी पुढाकार घेतला आणि डिसेंबर संपता संपता ६२ कॉलेजांचे प्रतिनिधी जमले. त्यातून निघालेली संघटना म्हणजेच आजची एनसीएए, कॉलेजच्या खेळांची नियामक संस्था. १९०६ पासून ५ यार्डांचे १० झाले, समोरासमोर उभ्या राहणाऱ्या दोन संघांमध्ये मोकळी पट्टी आली आणि पुढे पास द्यायला, म्हणजे चेंडू पुढे फेकायला, परवानगी मिळाली. रेटून १० यार्ड मिळवणं सोपं नाही. खेळ पांगवणं भाग पडलं.

मृण्मयी_नाशिक:
शाळकरी पोरं खेळायला शिकली कोणाचं बघून? येल-हार्वर्डचंच ना? नियम कॉलेजं ठरवायची, म्हणून जबाबदारीही त्यांचीच.

आणि पासचं श्रेय जपून द्या. मैदान रुंद करावं अशी सूचना होती, म्हणजे गर्दी आपोआप फुटली असती. पण हार्वर्डने १९०३ मध्ये काँक्रीटचं स्टेडियम बांधून ठेवलं होतं, ते रुंद होणार कसं? पासला जोर आला तो त्यानंतर. तोही इतक्या अटी घालून, की कोणाचाही हात न लागता चेंडू जमिनीवर पडला तर ताबा सरळ समोरच्याकडे. सेंट लुईसच्या ब्रॅडबरी रॉबिन्सनने सप्टेंबर १९०६ मध्ये कायदेशीर पास पहिल्यांदा टाकला, तो वाया गेला आणि चेंडू गमवावा लागला. एवढा धोका असेल तर प्रशिक्षक पोरांना पास टाकू देतील का? बहुतेकांनी दिला नाही.

शिकागोकर:
पण त्याच सामन्यात रॉबिन्सनने पुन्हा पास टाकला आणि टचडाउन झालं, हेही सांगा ना. नवीन गोष्ट रुजायला वेळ लागतो.

मृण्मयी_नाशिक:
त्या वेळाची किंमत कोणी मोजली? ३० ऑक्टोबर १९०९ ला हार्वर्डविरुद्ध खेळताना आर्मीचा (वेस्ट पॉइंट लष्करी अकादमीच्या संघाचा) यूजीन बर्न जबर जखमी झाला आणि दुसऱ्या दिवशी गेला. पुढच्याच महिन्यात व्हर्जिनियाचा आर्चर ख्रिश्चन, जॉर्जटाउनविरुद्ध. दोन्ही घटना रेटारेटीच्या खेळातल्या. चेंडूवाल्याला ढकलण्या-ओढण्यावर बंदी आली ती १९१० मध्ये. हा नियम १९०५ च्या डिसेंबरात करायला काय अडचण होती? माणसं तीच, माहिती तीच. कोलंबियासारखी आणखी दहा मोठी कॉलेजं बाहेर पडली असती तर नियम ठरवणाऱ्या समितीला तो तेव्हाच करावा लागला असता.

रानवारा:
१९१० चा नियम चार वर्षं आधी यायला हवा होता, हे मान्य. पण तुमचं शेवटचं वाक्य बंदीचं नाही, दबावाचं आहे. काही वर्षं बाहेर राहा, नियम बदलून घ्या, परत या. कोलंबियाही १९१५ मध्ये परत आलीच. धाग्याच्या शीर्षकात तुम्ही ‘बंदच’ म्हटलंय, आणि त्याला माझा विरोध कायम आहे.