तू बिशवात शनिवारी आणि मलिदा ६० माणसांचा: कसं बसवायचं?

ठाण्याची सून:
आम्ही बेने इस्राएल, म्हणजे महाराष्ट्रातले ज्यू. २०२७ मध्ये तू बिशवात, म्हणजे ज्यू पंचांगातली १५ शेवात (झाडांचा सण, आणि आपल्याकडे एलियाहू हन्नाबीचा म्हणजे प्रेषित एलियाचा उरुसही), २३ जानेवारीला येतोय आणि तो नेमका शनिवार आहे. घरी मलिदा (एलियाहू हन्नाबीच्या स्मरणात पोहे-नारळ-फळांचं ताट मांडून करतात तो विधी आणि त्याचा प्रसाद) करायचा आहे, माणसं साधारण ६०. आजवर घरी दहा-बारा माणसांचाच झाला आहे, त्यामुळे पोहे, नारळ, साखर, फळं यांचा अंदाज येत नाहीये. दुसरी अडचण शब्बाथची (शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी रात्रीपर्यंतचा विश्रांतीचा दिवस, त्यात काम आणि प्रवास चालत नाही). मलिदा शुक्रवारी रात्री करावा, शनिवारी दुपारी की शब्बाथ उतरल्यावर? उतरल्यावर केला तर १५ शेवात सरून १६ लागलेला असेल, मग तो एलियाहू हन्नाबीच्या उरुसाचा मलिदा म्हणायचा का? घरातल्या काही जणांना त्याच दिवशी अलिबागजवळच्या टाप्यावर (एलियाहू हन्नाबीच्या रथाच्या खुणा मानतात त्या खडकावर) जायचं आहे. मलिद्यानंतर मटणाचं जेवण ठेवायचा विचार आहे. जाणकारांनी नीट सांगावं.

खवणी:
आधी मापं सांगते. मलिद्याला जाडे पोहेच घ्या. पातळ पोहे भिजले की लगदा होतो आणि नारळ मिसळल्यावर गोळे धरतात. जेवणाआधीचा प्रसाद म्हणून माणशी ४० ग्रॅम कोरडे पोहे पुरतात, म्हणजे ६० जणांना अडीच किलो. किलोमागे तीन ते चार मध्यम नारळ आणि अर्धा किलो साखर धरा. तुम्हाला नऊ नारळ लागतील, पण बारा आणा, एखाद-दोन खवट निघतातच. साखर सव्वा ते दीड किलो. गूळ घालणारी घरंही आहेत, पण गुळाने पोहे लवकर ओलसर होतात. इतक्या मोठ्या मापाला साखरच बरी. २५ वेलच्या, अर्धं जायफळ, चिमूटभर मीठ, पाव किलो बेदाणे, पाव किलो बदाम-पिस्त्यांचे काप.

एक गोष्ट मात्र कधीच चुकवू नका. प्रत्येक नारळ फोडून आधी त्याचा तुकडा चाखा आणि खोवलेलं खोबरं वेगळ्या वाटीत काढा, मगच मोठ्या पातेल्यात टाका. एका खवट नारळाने नऊ नारळांचा चव वाया जातो आणि तो वास साखरेने झाकत नाही. खोवताना करवंटीलगतचा तपकिरी भाग येऊ देऊ नका. त्याने मलिदा काळसर दिसतो आणि दाताखाली चरचरतो.

मोठ्या मापात मलिदा बिघडतो तो जवळजवळ नेहमी एकाच कारणाने: सगळं फार लवकर एकत्र केलं जातं. साखर पोह्यांतलं आणि खोबऱ्यातलं पाणी ओढून घेते. दोन तासांनी परातीच्या तळाशी गोड पाणी साचतं, खालचे पोहे गच्च होतात, वरचे कोरडे राहतात. म्हणून पोहे, खोबरं आणि साखर तीन वेगळ्या भांड्यांत ठेवा आणि ताट मांडायच्या पंधरा मिनिटं आधी एकत्र करा. पिठीसाखर वापरली तर ती आणखी लवकर विरघळते. बारीक दाण्याची साखर वेलची-जायफळासोबत मिक्सरमध्ये नुसती एकदा फिरवून घ्या, पीठ करू नका.

पोहे धुवायचे ते चाळणीत, एका वेळी अर्धा किलोच. पाणी दोनदा ओता, हाताने हलकेच उलटापालट करा, निथळू द्या आणि वर ओलं फडकं झाकून २० मिनिटं ठेवा. दाणा दोन बोटांत सहज चिरडला पाहिजे, पण अख्खा दिसला पाहिजे. अडीच किलो एकदम पातेल्यात भिजवले तर खालचे चिकट आणि मधले कडक राहतात.

आणि मटणाचं जेवण ठेवणार आहात, म्हणून सांगते: मलिद्यात तूप किंवा दूध अजिबात नको, आपल्यात मटण आणि दुधाचे पदार्थ एकत्र चालत नाहीत. पोहे मऊ व्हावेत म्हणून कुणीतरी मदतीला आलेलं माणूस प्रेमाने दुधाचा हबका मारतं आणि मग सगळ्या जेवणाची पंचाईत होते. पोहे कडक वाटले तर नारळाचं पाणी शिंपडा. चमचे, पराती, विळी हे सगळं दुधाच्या भांड्यांपासून वेगळं ठेवा.

पेणकर:
तिथीबद्दल. १५ शेवात शुक्रवारी २२ तारखेच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या सूर्यास्तापर्यंत आहे. त्या दिवसाचं जे खास आहे, ते म्हणजे झाडांची फळं आणि त्यांच्यावरचे बराखे (खाण्याआधी म्हणायची आशीर्वचनं). ते शुक्रवारी रात्रीच्या शब्बाथच्या जेवणात किंवा शनिवारी दुपारी घरच्यांनी करावं. एका ताटात खजूर, अंजीर, डाळिंब आणि हंगामातलं एखादं नवं फळ ठेवलं की झालं. नव्या फळावर शेहेहेयानू हा बराखा म्हणायला विसरू नका.

मलिदा मात्र तिथीला बांधलेला नाही. लग्नाआधी, नवस फेडताना, नव्या घरात जाताना आपण तो कोणत्याही दिवशी करतो. त्यामुळे माझं स्पष्ट मत असं की ६० माणसांचा मलिदा शनिवारी रात्री, हबदाल्यानंतर (शब्बाथ संपवण्याच्या विधीनंतर) करावा. १६ शेवात लागला म्हणून उणेपण येत नाही. उलट शब्बाथ उतरतानाची वेळ ही एलियाहू हन्नाबीच्या स्मरणाचीच वेळ आहे, आणि मलिद्यात म्हणतात ती 'वेयित्तेन लेखा'ची (देव तुला देवो, या आशीर्वादाची) वचनंही त्याच रात्री म्हणायची रीत आहे. दोन्ही गोष्टी एकमेकींत सहज मिसळतात.

शनिवारी दुपारी करू नका, असं सांगण्याचं कारण व्यावहारिक आहे. पोहे निवडणं, नारळ खोवणं, मिक्सर लावणं यातलं काहीच शब्बाथला चालणार नाही. म्हणजे सगळं शुक्रवारी सूर्यास्ताआधी करून ठेवावं लागेल. भिजवलेले पोहे रात्रभर फ्रीजमध्ये राहिले की ताठरतात. शिवाय ६० माणसं शब्बाथला गाडीने येणार, हा प्रश्न वेगळाच.

खवणी:
पेणकरांशी सहमत. मग कामांची वाटणी अशी करा. गुरुवारी नारळ, सुका मेवा, पोहे आणून ठेवा. शुक्रवारी दुपारपर्यंत पोहे निवडून डब्यात भरा. नारळ खोवून हवाबंद डब्यांत थेट फ्रीझरमध्ये टाका, साध्या फ्रीजमध्ये नको. शनिवार रात्रीपर्यंत तीसेक तास होतात आणि खोबरं आंबट व्हायला तेवढा वेळ पुरतो. डबा पसरट घ्या म्हणजे खोबऱ्याचा ठोकळा होणार नाही. शनिवारी हबदाला होताच डबे फ्रीझरमधून बाहेर काढून ठेवा, म्हणजे ताट मांडेपर्यंत खोबरं मोकळं होतं. साखर-वेलचीही शुक्रवारीच तयार हवी.

हबदाल्यासाठी वाइनऐवजी मनुक्यांचं सरबत करणार असाल तर पाव किलो काळ्या मनुका लिटरभर पाण्यात गुरुवारी रात्री भिजत घाला आणि शुक्रवारी वाटून, गाळून बाटलीत भरा. गाळायचं काम शनिवारवर ढकलता येणार नाही.

मुंबई-ठाण्यात त्या दिवशी सूर्यास्त साडेसहाच्या सुमाराला आहे. तरी सव्वासातच्या आधी कशालाही हात लावू नका. सव्वासातला हबदाला, लगेच दोघींनी पोहे धुवायला घ्यायचे, तिसरीने फळं चिरायची. आठच्या आसपास सगळं मिसळून ताट मांडता येतं. पाहुण्यांना साडेसातची वेळ द्या.

ठाण्याची सून:
खूपच उपयोगी. फळं किती आणि कोणती? ताटात किती प्रकार हवेत? आणि सामूहिक प्रार्थनेला लागतात ते दहा पुरुष जमले नाहीत तर?

खवणी:
फळांचे प्रकार विषम ठेवतात, पाच किंवा सात. पाचच ठेवा. खजूर एक किलो (माणशी दोन पडतात), केळी तीन डझन, सफरचंद तीन किलो, संत्री तीन किलो, चिकू दोन किलो. डाळिंब आवडत असेल तर चिकूऐवजी घ्या, चिरल्यावर ते काळं पडत नाही. स्ट्रॉबेरी त्या दिवसांत बाजारात भरपूर असते, पण तिच्या खळग्यांत बारीक किडे असतात आणि ६० माणसांसाठी ती तपासून घेणं शक्य नाही. ती वगळाच.

खजूर प्रत्येक उभा चिरून, बी काढून, उजेडात आत बघायचा. किडका खजूर बाहेरून ओळखू येत नाही. हे काम शुक्रवारीच उरका. संत्र्याच्या फोडी करताना बिया काढा, लहान मुलं असतात. सफरचंद आणि केळी अगदी शेवटी चिरा, सफरचंदाच्या फोडींना लिंबू चोळा. चिरलेली फळं मलिद्यात मिसळायची नाहीत. परातीत मध्ये पोह्यांचा ढीग आणि सभोवार फळं. मिसळली तर रस सुटून पुन्हा तेच पाणी होतं. मुख्य ताट एकच सजवा. वाटायचा मलिदा मागे दुसऱ्या परातीत ठेवा, म्हणजे बराखे चालू असताना मागच्या खोलीत बशा भरून तयार होतात.

पेणकर:
बराख्यांचं बघा. सुवासासाठी सब्जाच्या काड्या आणतात, काही घरी गुलाबही असतो. दोन्हींवर म्हणायचा बराखा एकच आहे की वेगळा, यावर ऐन वेळी वाद होतात. म्हणून बराख्यासाठी एकच वस्तू निवडा, सब्जा असेल तर सब्जाच. गुलाब नुसता सजावटीला. सब्जासाठी फुलवाल्याला दोन दिवस आधी सांगून ठेवा. शुक्रवारी घेतलेल्या काड्या ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवल्या तर शनिवारी रात्रीपर्यंत वास टिकतो.

झाडाच्या फळासाठी 'बोरे पेरी हाएत्स' खजुरावर म्हणायचा, कारण खजूर तोरात सांगितलेल्या इस्राएल देशाच्या सात पिकांतला. तो म्हटला की सफरचंद, संत्रं, चिकू त्यात आले. केळं झाडाचं फळ धरत नाहीत, त्यावर 'बोरे पेरी हाअदामा'. इथे चूक फार होते. केळं हाताशी असतं म्हणून तेच आधी उचलतात आणि खजुराचा बराखा त्यावर म्हटला जातो. ज्यांना म्हणायचं आहे त्यांच्यासमोर खजूर आणि केळं वेगवेगळ्या बशांत ठेवा. पोह्यांवरचा बराखा आणि खाऊन झाल्यावरचा बराखा तुमच्या सिनेगॉगच्या हजानांना (प्रार्थना चालवणाऱ्यांना) आधी विचारून घ्या आणि तोच सगळ्यांनी म्हणा.

दहा पुरुष नसले तरी मलिदा अडत नाही. एलियाहू हन्नाबीचं गीत, वचनं आणि बराखे तसेच म्हणता येतात. कद्दीश ही प्रार्थना मात्र दहा पुरुषांशिवाय म्हणता येणार नाही. गीताची प्रत देवनागरीत मोठ्या अक्षरांत छापून दहा-पंधरा ठेवा. तरुण मुलांना हिब्रू वाचता येत नाही, म्हणून ती गप्प बसतात. कागद हातात दिला की सगळं घर म्हणतं, आणि मलिद्याचं खरं सुख त्यातच आहे.

अलिबागकर:
टाप्याबद्दल मी सांगतो. तो खंडाळा गावाजवळ आहे, पण हे खंडाळा अलिबाग तालुक्यातलं. दरवर्षी कुणीतरी फोनवरच्या नकाशात लोणावळ्याजवळचं खंडाळा टाकून घाट चढतं. 'सागाव-खंडाळा, अलिबाग' असं शोधा. शनिवारी नाही, रविवारी २४ तारखेला या. शब्बाथला प्रवास करून एलियाहू हन्नाबीच्या जागी यायचं, हे मला बरोबर वाटत नाही.

गर्दी मात्र धरून चाला. २६ जानेवारी मंगळवारी आहे, सोमवारची रजा टाकून निम्मी मुंबई अलिबागला उतरते. गेटवेवरून मांडव्याच्या पहिल्या बोटींपैकी एक पकडा, किंवा गाडी आणायची तर भाऊच्या धक्क्यावरून रो-रोचं आरक्षण आधीच करून ठेवा. रस्त्याने येणाऱ्यांनी वडखळ सकाळी आठच्या आत ओलांडावं. परतीला दुपारी तीननंतर मांडव्याला लांब रांग असते. वृद्ध माणसं सोबत असतील तर दोनच्या आत निघा.

खडकावर रथाच्या चाकांच्या आणि घोड्याच्या टापांच्या खुणा मानतात. तिथे उघड्यावरच मलिदा करायचा असतो. पाणी, चाळणी, परात सगळं सोबत आणा. पोहे घरूनच धुवून निथळून फडक्यात बांधा, खोबरं बर्फाच्या पेटीत, साखर वेगळी, आणि तिथे पोचल्यावर मिसळा. दहानंतर ऊन चढलं की खोबरं तासाभरात बदलतं. खडकावर फुलं, साली, मेणबत्त्या ठेवून जाऊ नका. साली, बशा, पिशव्या परत न्यायला एक रिकामी गोणी जवळ असू द्या. मेणाचे डाग त्या दगडावरून निघत नाहीत.

वेळ उरला तर अलिबागच्या इस्राएल आळीतलं मागेन आबोथ सिनेगॉग आणि नवगावची बेने इस्राएलांची दफनभूमी पाहून जा. नवगाव शहराच्या उत्तरेला, किनाऱ्याला लागून आहे. सिनेगॉगला जायचं तर आधी कळवा, ते दिवसभर उघडं असेलच असं नाही. पुरुषांनी टोपी आणावी.

ठाण्याची सून:
ठरलं, शनिवारी रात्री मलिदा आणि ज्यांना जमेल त्यांनी रविवारी टापा. शेवटचं एकच: रात्रीचा उरलेला मलिदा रविवारी टाप्यावर नेता येईल का?

खवणी:
नको. खोबरं आणि साखर एकदा मिसळली की तो त्याच रात्री संपवायचा. पाहुण्यांना डब्यात देऊन टाका. टाप्यासाठी अर्धा किलो पोहे आणि दोन नारळांचं खोबरं वेगळं मोजून ठेवा, बारा माणसांना पुरतं. ते खोबरं फ्रीझरमधून रविवारी निघतानाच काढा, वाटेत आपोआप मोकळं होईल.