मणक्याचे १४ लाख: लोकअदालतीत मिटवावं की लढावं?

टेंभुर्णीकर
धाकटा भाऊ, वय ३४, घरं रंगवायचं काम. दीड वर्षापूर्वी सोलापूर हायवेवर गाडीवरून (दुचाकी) जाताना टेम्पोनं मागून उडवलं. एल-१, म्हणजे कमरेचा पहिला मणका चेपला, रॉड-स्क्रू टाकलेत. वॉकर घेऊन संडासापर्यंत जातो, अर्धा तास बसला की घामाघूम. सिव्हिल हॉस्पिटलचा अपंगत्वाचा दाखला ४५ टक्क्यांचा. भरपाईचा क्लेम ट्रिब्युनलमध्ये (अपघात भरपाईचं कोर्ट) आहे. विमा कंपनी म्हणते, शनिवारी लोकअदालतीत १४ लाखांवर मिटवा. वकीलसाहेबही घ्याच म्हणतात. घरात दोन तट पडलेत. माझं मत, घेऊ नये.

बार्शीचा सदा
घ्या दादा. माझी केस सहाव्या वर्षात आहे. साहेब बदलले, साक्षीदार गावाला गेला, कंपनीच्या वकिलाला तारीख हवी असते. तोवर सावकाराचं व्याज थांबतं का? हातात आलेले १४ लाख हे कागदावरच्या तीसपेक्षा मोठे.

निशा_ताई
सदाभाऊ, व्याज दोन्हीकडं चालतं. ट्रिब्युनल अर्ज दाखल केल्या तारखेपासून व्याज देऊ शकतं. तडजोडीचा आकडा बहुतेक वेळा व्याजासकटचा असतो. आणि लोकअदालतीत सही केली की अपील नाही. पुढं स्क्रू ढिला झाला, दुसरं ऑपरेशन लागलं, तर कोणाच्या दारात जाणार?
माझ्या बाबांना लघवीची नळी अकरा वर्षं होती. दर महिन्याला नवी नळी, पिशवी, मधेच इन्फेक्शन. क्लेम करताना हे कोणी मांडलंच नाही.

हिशेबी
आकडे घ्या. कमाई महिना १५,००० धरू. स्वतःचा धंदा, चाळिशीच्या आत, म्हणून भविष्यातली वाढ ४० टक्के: २१,०००. वयाला गुणक, म्हणजे वर्षाची कमाई किती पट धरायची तो आकडा, १६. वर्षाचे २,५२,००० गुणिले १६ म्हणजे ४०,३२,०००. त्याचे ४५ टक्के १८,१४,४००. औषधपाणी, वेदना, माणूस ठेवायचा खर्च वेगळा.
पण खरी मेख त्या ४५ मध्ये आहे. सुप्रीम कोर्टानं राजकुमार विरुद्ध अजयकुमार (२०११) मध्ये सांगितलंय की दाखल्याचा टक्का म्हणजे कमाईचा टक्का नव्हे. डावा हात गेला तर कारकून काम करत राहील, सुताराचा धंदाच संपतो. परांचीवर चढून रंग मारणाऱ्याचा मणका गेला, तिथं ४५ कसले?

बार्शीचा सदा
सगळं बरोबर. पण १५,००० सिद्ध कसे करणार? रंगाऱ्याला कोण पगारपत्रक देतं? कंपनी म्हणेल ८,०००. शिवाय हेल्मेट होतं का?

टेंभुर्णीकर
नव्हतं.

निशा_ताई
मणका मोडलाय, डोकं नाही. हेल्मेट नव्हतं म्हणून एल-१ गेला, हे कुठला डॉक्टर शपथेवर सांगेल?

बार्शीचा सदा
ताई, तुम्ही चिडून बोलताय. मी घरात तांदूळ किती उरलेत ते विचारतोय.

हिशेबी
सदाभाऊंचा पुराव्याचा मुद्दा खरा आहे. ज्या ठेकेदाराकडं काम करायचा त्याला साक्षीला आणा, रंगाच्या दुकानाची उधारीची वही चालेल. दाखला देणाऱ्या डॉक्टरांनाही बोलवा. नुसता कागद जोडला की कंपनी टक्क्यावरच वाद घालते. आणि वकीलसाहेब 'घ्या' म्हणतायत ते टक्केवारीवर आहेत का? तशी फी वकिलांच्या नियमात बसत नाही, पण चालते सगळीकडं.

टेंभुर्णीकर
वीस टक्के ठरलेत.
आज भावालाच विचारलं. तो म्हणाला, "दादा, परवा पोराची खोली रंगवायला घेतली. बसून, हात पोचेल तेवढीच भिंत." तीन फुटांपर्यंत पिवळी आहे, वर जुना चुनाच. कर्ज ४ लाखांचं आहे, तेही खरंय. कंपनीनं २० म्हटलं तर मी गप्प बसेन, त्याखाली नाही. शनिवारी जाणार आहे, पण पेन खिशात ठेवून.

बार्शीचा सदा
२० म्हणणार नाहीत. १६ म्हणाले तर मला फोन करा, तेव्हाही मी घ्याच म्हणेन.