करंट रेशो १.६४ असूनही सीसी खाते कायम काठोकाठ का?

प्रश्न : सराफा_गल्ली (इंदूर)

एम.कॉम. झाल्यावर मी इथल्या एका सनदी लेखापालांच्या कार्यालयात काम शिकते आहे. सरावासाठी मला तयार कपड्यांच्या एका घाऊक भागीदारी पेढीचा ३१ मार्चचा ताळेबंद मिळाला आहे. त्यातले नाव काढून टाकले आहे आणि आकडे ढोबळ केले आहेत. त्यावरून पेढीची तरलता आणि दीर्घ मुदतीची कर्जफेडीची क्षमता यांवर टिपण लिहायचे आहे. सर्व आकडे लाखांत देते : माल ९२, ग्राहकांकडून येणे ६४, रोख व बँक ३, इतर चालू मालमत्ता ५, स्थिर मालमत्ता ६०. देण्यांच्या बाजूला सीसी (कॅश क्रेडिट, म्हणजे बँकेकडून ठरलेल्या मर्यादेपर्यंत हवे तेव्हा उचलता येणारे कर्ज) ५८ (मर्यादा ६०), पुरवठादारांचे देणे ३६, इतर चालू देणी ६, मुदत कर्ज ४० आणि भांडवल ८४. वार्षिक विक्री २६०, विकलेल्या मालाची किंमत २०८, खरेदी साधारण २००.

माझ्या हिशेबाने करंट रेशो (चालू मालमत्ता भागिले चालू देणी) १.६४ आणि मुदत कर्जाचे भांडवलाशी प्रमाण ०.४८ येते. दोन्ही ठीक वाटतात. तरीही बँकेच्या उताऱ्यात सीसी खाते वर्षभर मर्यादेला टेकलेले दिसते आणि पुरवठादारांना पैसे मिळायला दोन महिन्यांहून अधिक लागतात. ही विसंगती समजून कशी घ्यावी?

उत्तर : जुनी_खातेवही

बँकेच्या कर्जविभागात आयुष्य गेले, म्हणून आधी मांडणीकडे बोट दाखवतो. मुदत कर्जाचे जे हप्ते पुढच्या बारा महिन्यांत भरायचे आहेत, ते चालू देण्यांत धरावे लागतात. तुमच्या मांडणीत पूर्ण ४० लाख दीर्घ मुदतीत बसलेले दिसतात. समजा वर्षाचे हप्ते १२ लाख आहेत, तर चालू देणी ११२ होतात आणि करंट रेशो १.४६ वर येतो.

पुस्तकातले 'दोनास एक' हे प्रमाण म्हणजे एक संकेत आहे, नियम नव्हे. आपल्याकडच्या बँकांत रुळलेला १.३३ हा आकडा रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या टंडन समितीच्या १९७५ च्या अहवालातून आला. चालू मालमत्तेचा किमान चौथा हिस्सा कर्जदाराने दीर्घ मुदतीच्या पैशातून उभा करावा, असे त्या समितीच्या दुसऱ्या पद्धतीत होते, आणि त्याचे गणित केले की हे प्रमाण आपोआप निघते. तेव्हा १.४६ वाईट नाही. पण चालू मालमत्तेच्या त्या १६४ लाखांत नेमके काय दडले आहे, हे गुणोत्तर सांगत नाही. त्यासाठी उधारीची आणि मालाची वयवार (किती दिवस जुनी ते दाखवणारी) यादी मागवा. भांडवलाच्या ८४ लाखांत भागीदारांचा स्वतःचा पैसा किती, हेही विचारा.

उत्तर : क्लॉथमार्केटवाला

काकांचे म्हणणे मान्य आहे, पण मालाबाबत जरा थांबा. या आकड्यांवरून माल १६१ दिवसांचा, उधारी ९० दिवसांची आणि पुरवठादारांची मुदत ६६ दिवसांची निघते. म्हणजे खरेदीत गेलेला रुपया फिरून परत यायला १८५ दिवस लागतात. हा आकडा पाहून कोणीही दचकेल. मात्र मार्चअखेरीस आमच्याकडे अक्षय्य तृतीया आणि लग्नसराईसाठी माल भरलेलाच असतो, त्यामुळे एका तारखेचा साठा वर्षभराच्या विक्रीशी ताडून पाहिला की चित्र अकारण काळवंडते. बँकेला दर महिन्याला दिलेली माल-विवरणपत्रे घ्या, बारा महिन्यांची सरासरी काढा आणि जीएसटी विवरणपत्रांतल्या मासिक विक्रीशी ती पडताळा.

आणखी एक. पुरवठादारांकडची ६६ दिवसांची उधारी म्हणजे फुकटचा पैसा समजू नका. पुरवठादार सूक्ष्म किंवा लघु उत्पादक असून सरकारच्या 'उद्यम' नोंदणीत नोंदलेला असेल, तर लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसल्यास १५ दिवसांत पैसे देणे कायद्याने बंधनकारक आहे. मुदत उलटून वर्षअखेरीस थकलेली अशी रक्कम आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून प्रत्यक्ष दिल्याखेरीज प्राप्तिकरात खर्च म्हणून वजा मिळत नाही. म्हणजे पैसे थकवले की कर आधी भरावा लागतो.

सराफा_गल्ली

काका, माहिती मिळाली. वर्षाचे हप्ते १२ लाखांचेच आहेत. ९० दिवसांवरची उधारी १८ लाख, वर्षाहून जुना पडीक माल २५ लाख, आणि भांडवलातले ३० लाख नातेवाइकांकडून घेतलेले बिनतारण पैसे आहेत. नफा ९, घसारा ६, मुदत कर्जावरचे व्याज ४ आणि भागीदारांची घरखर्चाची उचल ७ लाख.

उत्तर : जुनी_खातेवही

आता गाठ सुटली. जुनी उधारी आणि पडीक माल मिळून ४३ लाख बाजूला काढा. १२१ भागिले ११२, म्हणजे १.०८ उरते. उचल-मर्यादाही, म्हणजे माल आणि उधारी पाहून बँक प्रत्यक्षात किती उचलू देईल तेही, काढून पाहा. चालणाऱ्या ६७ लाखांच्या मालातून पुरवठादारांचे ३६ वजा करून २५ टक्के मार्जिन (ज्यावर बँक कर्ज देत नाही तो हिस्सा) सोडले तर २३.२५, आणि ४६ लाखांच्या ताज्या उधारीवर तेवढेच मार्जिन सोडले तर ३४.५, एकूण ५७.७५ लाख. खात्यावर ५८ उचललेले आहेत. माल तपासायला आलेल्या लेखापरीक्षकाने पडीक माल वगळला, तर खाते त्याच दिवशी या उचल-मर्यादेबाहेर जाईल.

नातेवाइकांचे ३० लाख, बँकेचे कर्ज असेपर्यंत काढणार नाही असे पत्र त्यांनी दिले नसेल तर, देणे म्हणूनच धरावेत. मग बाहेरची देणी १७० आणि स्वतःचे भांडवल ५४, म्हणजे प्रमाण ३.१५. हप्ते-व्याज फेडण्याची क्षमता काढताना नफा, घसारा आणि व्याज मिळून १९ लाख येतात, फेडायचे १६ आहेत, गुणोत्तर १.१९. पण भागीदारी पेढीत घरखर्चाची उचल नफा-तोटा पत्रकात दिसत नाही. ते ७ लाख वजा केले की ०.७५ राहते. सीसी खाते काठोकाठ का असते, याचे मुख्य कारण इथे आहे : हप्ते सीसीतून भरले जात आहेत. पेढी बुडालेली मात्र नाही. ते ४३ लाख शून्य धरले तरी १८१ ची मालमत्ता १७० च्या देण्यांपेक्षा जास्तच आहे.

सराफा_गल्ली

मग पडीक माल निम्म्या भावात काढून टाकावा, अशी शिफारस केली तर योग्य ठरेल का?

उत्तर : क्लॉथमार्केटवाला

मी तर काढून टाकीन. दुकानातली जागा मोकळी होते हा वेगळा लाभ. पण टिपणात त्याचा परिणाम उलटा दिसेल, याची तयारी ठेवा. साडेबारा लाख सीसीत भरले की चालू मालमत्ता १३९ आणि चालू देणी ९९.५ होतात, करंट रेशो १.४६ वरून १.४० वर उतरतो. तेवढ्याच तोट्याने स्वतःचे भांडवल ४१.५ वर येते आणि देण्यांचे त्याच्याशी प्रमाण ३.१५ वरून ३.८० वर जाते. प्रत्यक्षात मात्र सीसीची बाकी ४५.५ होते आणि काकांनी काढलेल्या ५७.७५ च्या मर्यादेत सव्वाबारा लाखांची जागा मिळते. भागीदारांना आधी हा हिशेब दाखवा, नंतर गुणोत्तरे.